ताईच्या लिंका

ताईच्या स्टुडिओत फोटो काढायला बसणं आणि वर्गात पाढे म्हणायला उभं राहणं यात फारसा फरक नव्हता. "हनुवटी वर. एवढी नको. खांदे सैल सोडा, तुम्हाला कोणी पकडून न्यायला आलेलं नाही." स्टूल जागचं जरा हललेलं तिला चालायचं नाही, गिऱ्हाइकाची कॉलर वाकडी असली तर ती स्वतः येऊन सरळ करायची, मग तो वकील असो की भाजीवाला. पण फोटो हातात पडला की माणूस तो उजेडाकडे धरून पुन्हा बघायचा. "मी असा दिसतो होय," असं म्हणत त्या दारातून बाहेर पडलेली माणसं बाजारात पुष्कळ होती. ताईला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचा आव ती कधी आणत नसे. "माझ्याकडे वाईट फोटो निघत नाही," ती सरळ सांगायची. गर्व म्हणा हवं तर, पण बोलण्यात खोट नव्हती.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, त्याच्या मागे कॉम्प्युटर, त्याच्या मागे पांढरा पडदा आणि दोन दिवे. भिंतीला लागून खणांचं कपाट, आणि प्रत्येक खणावर तिच्या गोल अक्षरातली चिठ्ठी. कात्री कुठे, सेल कुठे, जुन्या निगेटिव्ह कुठे, डोळे मिटून सांगेल. तिने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. घर म्हणजे धाकटा भाऊ आणि त्याची बायको. त्या दोघांवर ती जीव टाकायची आणि तेवढाच आवाजही चढवायची.

भाऊ न्हावी. त्याचं दुकान पुलापलीकडे, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो सकाळी शटर वर करताना सुरू व्हायचा आणि शटर खाली येईपर्यंत बंद पडायचा नाही. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचं बिनसलं, कोणाच्या मुलीने परदेशात काय नोकरी धरली, सगळं त्याच्या कात्रीच्या तालावर बाहेर पडायचं, आणि दर दोन वाक्यांनी "बरं का" यायचंच. त्याच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे केसांसाठी यायचे आणि निम्मे कान भरून घ्यायला. एक पूर्ण टकलू माणूसही नेमाने येऊन बसायचा असं वहिनी, म्हणजे रेडिओची बायको, जिला घरीदारी सगळे वहिनीच म्हणतात, शपथेवर सांगते.

त्या रेडिओला पक्षाघाताचा झटका आला. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. हातपाय हट्टी निघाले, व्यायामाने हळूहळू परत आले. वाचा आली नाही. समोरच्याचं बोलणं त्याला सगळं कळायचं, पण स्वतःचा शब्द जिभेवर येईना, आणि लिहिलेली अक्षरंही आता नुसत्या रेघोट्या वाटायच्या. आतून एकच गोष्ट बाहेर यायची. "बरं का." पाणी हवं असलं तरी बरं का, राग आला तरी बरं का, रडू आलं तरी बरं का. त्या दिवसापासून त्याला रेडिओ म्हणायची कोणाला हिंमत झाली नाही. लोक त्याला एकदम त्याच्या खऱ्या नावाने, अहो-जाहो करून हाक मारायला लागले, आणि ते ऐकून त्याचा चेहरा आणखीच पडायचा.

दवाखान्यातल्या थेरपीवाल्या बाईंनी चित्रांचा फळा सुचवला. टॅब्लेटवर चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनात एक चित्र. चित्रावर बोट ठेवलं की ते मोठं होतं, समोरच्याला कळतं. बोट जरा दाबून धरलं की तेच चित्र घरच्यांच्या फोनवर जातं. बाई चांगल्या होत्या, कल्पनाही चांगली होती, पण फळ्यावरची तयार चित्रं म्हणजे गुलाबी गालांची कार्टून. रेडिओने ती पाहिली, टॅब्लेट उशीखाली सारला आणि तोंड फिरवून झोपला.

"बरोबरच आहे त्याचं," ताई म्हणाली. "हा कप त्याचा आहे का? आपल्या घरात असा कप कधी होता का? मी माझ्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या ग्लासाकडे बोट दाखवीन का?"

थेरपीवाल्या बाई हसल्या. "मग तुम्हीच काढा की, ताई. तुमच्या हातात कॅमेरा आहे."

हे वाक्य ताईला असं बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी भावाच्या घरातून त्याचा कप, त्याचा ग्लास, चपला, औषधाची पट्टी आणि उशी असं सगळं तिने पिशवीत भरून स्टुडिओत आणलं आणि पांढऱ्या पडद्यापुढे मांडलं. नवरीचे फोटो काढताना जेवढा उजेड जुळवला नसेल तेवढा तिने त्या टवका उडालेल्या कपासाठी जुळवला. वाफ दिसावी म्हणून चहा पुन्हा पुन्हा गरम केला. वहिनीचे दोन फोटो काढले, एक हसरा आणि एक तापलेला. तापलेल्यासाठी फार कष्ट पडले नाहीत. स्वतःचाही एक काढला, चष्मा डोक्यावर चढवलेला, कपाळाला आठ्या. तो "ताई" या अर्थाने.

आता हे फोटो फळ्यात टाकायचे तर फळा फोटो घेईना. चौकोनावर गेलं की एकच ओळ यायची. चित्राची लिंक टाका. ताईला फोटोतलं सगळं कळत होतं, पण लिंक म्हणजे लोक एकमेकांना पाठवतात ती निळी ओळ एवढंच माहीत होतं. स्टुडिओ रिकामा असायचा अशा दुपारी ती कॉम्प्युटरपुढे बसून त्याच्या मागे लागली. आधी तिने फोटो एका फुकट साइटवर चढवले आणि वरची ओळ उचलून चौकोनात टाकली. चौकोन कोराच. मग कळलं की ती ओळ चित्राची नव्हती, चित्र ज्या पानावर दिसतं त्या पानाची होती. म्हणजे माणसाचा पत्ता विचारावा आणि कोणी त्याच्या गल्लीचा सांगावा तसं. सरळ चित्रापर्यंत जाणारी लिंक वेगळी असते, आणि तिच्या शेवटी टिंब देऊन जेपीजी अशी फोटोची तीन अक्षरं असतात, हे तिने शोधून काढलं. कप फळ्यावर आला. वहिनीने टाळी वाजवली. पुढच्या आठवड्यात कप गायब. फुकट साइटवाले फोटो थोडे दिवस ठेवून काढून टाकत होते.

"भाड्याच्या घरात माझ्या भावाचा कप राहणार नाही," ताई म्हणाली.

स्टुडिओची एक वेबसाइट होती. त्यावर दुकानाच्या शटरचा फोटो आणि फोन नंबर सोडून काही नव्हतं. तिथे तिने आपली जागा केली, फोटो तिथे नेऊन ठेवले, प्रत्येकाला नाव दिलं आणि प्रत्येकाची लिंक तयार केली. नावावरूनच लिंक बनते हे तिला आवडलं. घरात बोलतात तीच मराठी नावं तिने इंग्रजी लिपीत टाइप केली, आणि सगळ्यांच्या सुरुवातीला रेडिओ. रेडिओ-चहा-गरम. रेडिओ-पाणी. रेडिओ-डोकं-उठलं. रेडिओ-वहिनी-तापली. रेडिओ-ताई-चष्मा. बाहेर कोणी म्हणत नव्हतं ना, मग इथे तरी.

फळा चित्र स्वतःकडे ठेवत नाही, हे तिला हळूहळू उमगलं. दर वेळी तो लिंकमधल्या पत्त्यावर जातो, दार वाजवतो, चित्र आणून दाखवतो. त्यामुळे एकच फोटो भावाच्या टॅब्लेटवर, वहिनीच्या फोनवर आणि दवाखान्यात थेरपीवाल्या बाईंच्या कॉम्प्युटरवर दिसायचा. ताईच्या फोनवर तर चित्राच्या वर ती पत्त्याची ओळही यायची, इवल्या अक्षरांत. हे सगळं बसवताना रेडिओ तासन्‌तास तिच्या शेजारी स्टुलावर बसून पाहायचा. मधूनच "बरं का" म्हणायचा. ताई म्हणायची, "हो रे बाबा, कळलं."

त्याने फळा उशीखाली सारायचं सोडलं. पहिल्याच दिवशी त्याने वहिनीला आधी चहा दाखवला, मग तापलेली वहिनी दाखवली, आणि गालात हसला. चहा उशिरा मिळाल्याबद्दलची तक्रार होती ती. वहिनी हसता हसता रडली, आणि ताईने खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं पाहून घेतलं.

थेरपीवाल्या बाईंनी ही चित्रं दुसऱ्या घरांनाही दिली. एका आजींच्या फळ्यावर तर चहा म्हणून रेडिओचाच कप गेला. पुढे तो कप फुटला. ताईने नव्या निळ्या कपाचा फोटो काढून जुन्याच नावावर ठेवला, म्हणजे लिंक तीच, कप नवा. तिकडे आजींनी दोन दिवस चहाला बोट लावलं नाही. त्यांचा कप कोणी तरी बदलला होता आणि त्या फुगून बसल्या होत्या. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा ताईने फुटलेल्या कपाचा जुना फोटो मुकाट्याने परत ठेवला. चित्र बदलायचं नाही, एवढा धडा तिने घेतला. नावांचा विचार तिच्या डोक्यात आला नाही.

एक गोष्ट मात्र अडून राहिली होती, दुकान. हात परत आल्यावर रेडिओ एकदा दुकानात गेला होता, फळा नव्हता तेव्हा. पहिलंच गिऱ्हाईक अनोळखी निघालं. किती बारीक करायचे, हे रेडिओला विचारता येईना. "बरं का," तो म्हणाला. त्या माणसाने बहिऱ्याशी बोलावं तसं कानाशी येऊन ओरडून सांगितलं, मग अर्ध्यातून उठला, आणि जाताना त्याच्या खांद्यावर थोपटून गेला. रेडिओ घरी आला, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला आणि पुन्हा पुलापलीकडे गेला नाही. दुकानाचा विषय काढला की तो फळाच उलटा ठेवायचा. वहिनीच्या माहेरचे सुचवत होते की दुकान दुसऱ्या कोणाला चालवायला द्यावं. ताईला ते शब्द ऐकूनच डोकं उठायचं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांची डोकी हातात धरली त्याने आता भिंत धरून बसायचं, हे तिला गिळता येत नव्हतं.

म्हणून तिने डोक्यांचे फोटो काढायचं ठरवलं. ओळखीच्या माणसांना बोलावून स्टुलावर उलटं बसवलं. "चेहरा नको, मला तुमची मान पाहिजे." बारीक, मध्यम, नुसते कडेचे, मशीन फिरवलेलं. दाढी कोरलेली, दाढी साफ. आणि मिशीसाठी मास्तर. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, रेडिओचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, आणि त्यांची मिशी बाजारात त्यांच्यापेक्षा प्रसिद्ध. मिशीचा जवळून फोटो काढायचा म्हटल्यावर ते घरी जाऊन नवा सदरा घालून आले. या चित्राचा अर्थ, मिशीला हात लावायचा की नाही. समोरच्याने मान हलवायची, बस. एक थांबवणारा तळहात, तोही रेडिओचाच, म्हणजे जरा थांबा. आणि शेवटी दुकानातली त्याची खुर्ची.

ही ओळ फळ्यावर आली तेव्हा रेडिओने एकेक चित्र मोठं करून पाहिलं. मग त्याने दुकानाच्या खुर्चीवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. ताई समोरच बसली होती, तरी तिच्या फोनवर खुर्ची पाठवली.

दुकान उघडायचा दिवस ठरला. पहिला मान मास्तरांचा. ताईने मात्र जाहीर केलं की ती येणार नाही. "मी तिथे उभी राहिले की लोक माझ्याशी बोलतील आणि तो मुका होईल. तुम्ही जा. मी स्टुडिओत आहे." हे तिने ठणकावून सांगितलं.

आणि नेमक्या त्याच सकाळी तिने घोळ घातला. दुसऱ्या दिवशी थेरपीवाल्या बाई काही घरची माणसं घेऊन स्टुडिओत येणार होत्या, ही चित्रं आणि लिंका कशा करायच्या ते ताईकडून शिकायला. ताईकडून. दवाखान्यातल्या बाई चार लोकांना घेऊन तिच्या दारात येणार म्हणताना ताईला आभाळ दोन बोटं उरलं होतं. तिने काउंटर पुसला, पडदा धुतला, आणि मग कॉम्प्युटर उघडून फोटोंची नावं पाहिली. रेडिओ-डोकं-उठलं. रेडिओ-वहिनी-तापली. लोक काय म्हणतील? खणांवर इतक्या नीट चिठ्ठ्या लावणारी बाई, आणि इथे हा तमाशा. मनाला काही तरी काम हवंच होतं. एकेक नाव पुसून ती नवं लिहीत गेली. पेय एक. पेय दोन. केस एक, केस दोन. वहिनी झाली व्यक्ती एक, ती स्वतः व्यक्ती दोन. संपलं तेव्हा तिने समाधानाने यादीवरून नजर फिरवली.

फोन वाजला. वहिनी हळू आवाजात बोलत होती.

"ताई, चित्रं गेली."

"गेली म्हणजे?"

"सगळे चौकोन राखाडी झालेत. एकही दिसत नाही. मास्तर खुर्चीत बसलेत, अंगावर कापड घातलंय. बाकीचे बाकावर बसून बघतायत. हे नुसते टॅब्लेटकडे बघत उभे आहेत."

ताईची नजर समोर गेली. व्यक्ती दोन. फळा या क्षणी जुन्या पत्त्यांवर जाऊन दारं वाजवत होता आणि आत कोणी नव्हतं.

"अगं, मीच घातलाय हा गोंधळ," ती म्हणाली. "नावं बदलली मी."

"मग परत करा ना जुनी."

पण कशी? जुनं काही इथे राहिलंच नव्हतं, लिंका होत्या त्या टॅब्लेटात, आणि टॅब्लेट पुलापलीकडे. चहा-गरम होतं की गरम-चहा? केस-बारीक की बारीक-केस? मधली रेघ एक का दोन? एका अक्षराचा फरक पडला तरी दार उघडणार नव्हतं. नावं तिने लाडाने दिली होती, आणि लाडाच्या नावांची कोणी नोंद ठेवतं का. भिंतीकडे फिरवलेली ती खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. आज तो तसाच घरी परतला, तर पुन्हा कधी पूल ओलांडणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. आणि या वेळी त्याला घरी पाठवणारी तीच असणार होती.

"मी निघाले," ती म्हणाली. वहिनीने तिकडे ते आणि नावांचं सगळं नवऱ्याला सांगितलेलं तिला ऐकू आलं. पर्स उचलली, किल्ल्या शोधल्या. खणांत सगळं जिथल्या तिथे ठेवणाऱ्या ताईला किल्ल्या सापडेनात.

तेवढ्यात फोन टिंग वाजला. भावाकडून मेसेज. चित्राच्या जागी राखाडी चौकोन, आणि वर ती इवल्या अक्षरांची ओळ. ताईने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, रेडिओ-ताई-चष्मा.

लगेच दुसरा. रेडिओ-थांब.

ती हातात पर्स घेऊन तशीच उभी राहिली. चित्र मेलं होतं, पण पत्ता जिवंत होता. त्याला तो वाचता येत नव्हता. पण कोणता चौकोन कुठे बसवलाय हे त्याला बोटांनी पाठ होतं, जशी दुकानातली प्रत्येक बाटली पाठ होती. आणि तो तिला सांगत होता, ताई, थांब. येऊ नकोस. हे काम त्या कॉम्प्युटरवरच होतं, मी शेजारी बसून पाहिलंय. बस तिथेच.

ताई बसली.

तिसरा मेसेज आला. रेडिओ-मास्तर-मिशी. तिने "केस नऊ" पुसलं आणि अक्षर न्‌ अक्षर पाहून जुनं नाव लिहिलं. मग रेडिओ-बारीक-मान. मग रेडिओ-कडेचे-नुसते. तिच्या लक्षात आलं की तो वरच्या कोपऱ्यापासून येत नव्हता. खुर्चीत बसलेल्या माणसाला आधी जे लागेल ते आधी पाठवत होता. चहा-पाणी त्याने मागे ठेवलं होतं, गिऱ्हाईक पुढे घेतलं होतं. एक पाठवायचा, थांबायचा, ती लिहायची. तिकडे चौकोन भरला की पुढचा यायचा. इतके महिने ती त्याला शिकवत आली होती, हे दाखव, ते दाब, असं नाही, तसं. आज तो तोंडातून अक्षर न काढता सांगत होता आणि ती लिहून घेत होती, आणि एकदाही तिला "काय म्हणालास" असं विचारावं लागलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने बाहीला पुसलं, कारण चूक करून चालणार नव्हतं.

केसांची ओळ पुरी झाली तसे मेसेज थांबले. ताईने घाबरून वहिनीला फोन लावला.

"काय झालं गं? बंद का पडला?"

"बंद नाही," वहिनी म्हणाली. "ऐका." आणि तिने फोन पुढे धरला.

आधी कात्रीचा आवाज आला. तोच जुना ताल, चार वेळा हवेत आणि एकदा केसांत. मग मास्तरांचा, चांगला दमदार, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "बारीक म्हणजे बारीक हं, रेडिओ. आणि मिशीचं मी नाही म्हणालोय, मान हलवली ती पाहिलीस ना? नाहीतर मागच्या वेळेसारखं गप्पांच्या नादात..."

"बरं का," रेडिओ म्हणाला.

बाकावरचे हसले. जसे पूर्वी हसायचे तसेच, दबकून नाही. रेडिओ हे नाव इतक्या दिवसांनी कोणी तरी त्याच्या तोंडावर उच्चारलं होतं, आणि ते त्याच्या दुकानात, तो खुर्चीमागे उभा असताना. ताईने फोन कानाला लावून ठेवला आणि दुकानातला तो कलकलाट ऐकत राहिली. आपला भाऊ. तिला इतका अभिमान वाटला की छातीत मावेना, आणि तो ऐकवायला समोर कोणी नव्हतं, म्हणून तिने रिकाम्या स्टुलाला सांगितलं, "बघ, कसा उभा राहिलाय."

गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात राहिलेली नावं येत गेली. पाणी, औषध, डोकं-उठलं. दुपारी त्या आजींच्या मुलीचा फोन आला, सकाळी कप दिसत नव्हता, आता आला, आई विचारतेय कोणी नेला होता. "धुवायला नेला होता म्हणावं," ताईने सांगितलं. सगळ्यांत शेवटी रेडिओ-वहिनी-तापली आलं. ते त्याने मुद्दाम मागे ठेवलं असणार. ते नाव परत लिहिल्यावर जरा वेळाने आणखी एक मेसेज आला, आणि या वेळी चित्र उघडलं. चष्मा डोक्यावर, कपाळाला आठ्या. पाठोपाठ दुसरं, वाफ निघणारा कप. संध्याकाळी चहाला ये.

ही युक्ती कशी सुचली, असं तिने चहा पिताना त्याला विचारलं. तो म्हणाला, "बरं का."

दुसऱ्या दिवशी थेरपीवाल्या बाई माणसं घेऊन आल्या. ताईने त्यांना स्टुलं दिली, कप कसा मांडायचा, उजेड कुठून घ्यायचा, पानाची लिंक आणि चित्राची लिंक कशी ओळखायची, सगळं दाखवलं. "आणि एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. तुम्हाला कितीही बावळट वाटलं तरी." मग तिने कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवून आपल्या फोटोंची यादी उघडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न झाकता.

वडिलांसाठी शिकायला आलेली एक बाई वाचत वाचत खाली गेली आणि थांबली. "ताई, हे प्रत्येक नावात रेडिओ काय आहे?"

"माझा भाऊ," ताई म्हणाली. "फार बोलतो."